कन्सोलवरचा कचरा

आबा,

आज दुपारी जळगावात, केळी पिकवायच्या एका खोलीबाहेर, तुमची फार आठवण आली. तिथलं तापमान सांभाळणारा छोटा संगणक वीज जाऊन आल्यापासून उठत नव्हता. त्याला पडदा नसतो. सिरियल केबल लावायची आणि त्यातली लिनक्स प्रणाली उठताना काय काय करतेय ते आपल्या लॅपटॉपवर, म्हणजे कन्सोलवर, वाचायचं. मी केबल लावली, तर नुसता कचरा. प्रश्नचिन्हं, चौकोन, तुटकी अक्षरं. मालक म्हणाले, मॅडम, हे मेलं, नवीनच टाका. आत केळी भरलेली, माणूस घायकुतीला आलेला. मी म्हटलं, मेलेलं बोलत नाही हो. असा कचरा येतो तेव्हा ते बहुतेक नीटच बोलत असतं, ऐकणाऱ्याचा वेग चुकलेला असतो. वेग बदलला आणि ओळी सरसर उमटल्या. शेवटची ओळ सांगत होती की ज्या कार्डावर सगळं साठवलंय ते सापडत नाही, वाट पाहतोय. झाकण उघडून पाहिलं, कार्ड ढिलं झालं होतं. दाबून बसवलं. मालकांनी खुशीत चहा मागवला, मी तो तसाच ठेवून निघाले.

धुळ्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायचात. भोंगा इतका फाटका, की सोनगीर काय आणि अमळनेर काय, सगळं सारखंच. म्हणून पुकारा झाला की माईक ठेवून तुम्ही बाहेर यायचात, बाकड्यावरच्या एकेका म्हातारीपुढे वाकायचात आणि म्हणायचात, "माय, अंदाजे बसू नको, माले इचारी ले." ड्रायव्हर हसायचे, साहेब रागवायचे. तुम्ही कोणाचं ऐकलंत म्हणा!

अर्धांगवायूनंतर तुमचंच बोलणं त्या भोंग्यासारखं झालं. दवाखान्यात त्या सकाळी तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतात. शब्द फुटत नव्हते, पण चढ-उतार दर वेळी तोच. डॉक्टर म्हणाले, भ्रम आहे. आई म्हणाली, पाणी मागताहेत, आणि तिनं चमच्यानं पाजलं. तुम्ही तिच्याकडे बराच वेळ पाहिलंत, पाणी प्यालात, आणि मग काही बोललाच नाहीत. संध्याकाळी गेलात.

इतकी वर्षं झाली, तरी जीव तुटतो, आबा. तुमचा हात धरून एकेक विचारत गेलो असतो, हो असेल तर बोट दाबा, एवढंच, तर कदाचित कळलं असतं. तेव्हा आमच्यातल्या कोणालाच ते सुचलं नाही. आता काय सांगत होतात ते कधीच कळणार नाही.

आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "त्यासनी पानी मांगं, मी पाजं." एवढ्यावर ती उभी आहे. मला वाटतं, तुम्हाला तहान नव्हती. ते पाणी तुम्ही तिच्यासाठी प्यालात. हे मी तिला कधी सांगितलं नाही. हे पत्रही घरी ठेवणार नाही. आईला वाचता येतं.