तेल पिणाऱ्या मुठी

सोमवार, ३ तारीख
आज सुऱ्यांच्या मुठी दुरुस्त करण्याच्या कामावर रुजू झाले. कारखान्याचं उपाहारगृह, सहाशे माणसांचा स्वयंपाक आणि बेचाळीस सुऱ्या. सगळ्यांच्या मुठी लाकडी, आणि बहुतेकींची दशा बघवत नाही. पाण्यात भिजून फुगलेल्या, तडकलेल्या, खिळे ढिले झालेल्या. मला मात्र आनंदाचं भरतं आलं. कोठीमागची खोली छान उजेडाची आहे. माझ्या आधीच्या कारागिरानं खुंटीवर कातडी हातमोजा ठेवलाय. तो मी खणात टाकला. मुठीला तेल उघड्या तळहातानं चोळायचं, ऊब लागली की ते मुरतं, ही आमच्या बाबांची शिकवण.

मंगळवार, ४
मोरीवर पाटी लावली: सुरी पाण्यात ठेवू नये, लगेच पुसावी. भाजी चिरणाऱ्या बायका हसल्या. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, यांना चिरता येत नाही आणि दोष मुठीला, नाचता येईना अंगण वाकडं! बाई आवडल्या मला. दिवसभर तडा गेलेल्या मुठी सांधल्या. सरसात लाकडाचा भुसा कालवून फटीत भरायचा, दोरीनं आवळायचं, वाळलं की घासायचं. मग जवसाचं तेल. किती पितात या मुठी! वाटी संपली तरी कोरड्याच.

गुरुवार, ६
बेचाळीसही झाल्या. मावशी म्हणाल्या, सुरी धरली की कुणी हात हातात घेतल्यासारखं वाटतं. मी फुशारले. माझा उजवा तळवा तेवढा कोरडा पडलाय. सकाळी चहाचा पेला हातात होता, तो कढत असल्याचं ओठांना लावल्यावर कळलं.

शनिवार, ८
कालच्या सुट्टीनंतर मीच कुलूप उघडलं. परवापासून कुणी शिवलं नव्हतं, तरी मुठी कोमट होत्या. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीचा कारागीर मोज्याशिवाय तेल लावत नसे. तेल पुरलं नाही तर या मुठी लावणाऱ्याला पितात, असं म्हणायचा. आम्ही त्याला वेडा ठरवला.
मोजा घातला. आता काय उपयोग? तळव्यावरच्या रेषा राहिल्याच नाहीत. मनगटापासून बोटांपर्यंत सरळ, बारीक, तांबूस रेघा — लाकडाला असतात तशा.

रविवार, ९
बोटं एकमेकांपासून सुटत नाहीत. मेजावर हात आपटला, टक् असा आवाज आला. खूप रडले. तीस वर्षं या हातानं मला पोसलं, दुसरं काही मला येत नाही. हा गेला तर मी कुठे जाऊ?

मंगळवार, ११
अंगठ्याखाली तडा. रक्त नाही. दुखतही नाही. काय करणार — सरस, भुसा, दोरी. दातांनी गाठ मारली.
सांधा बसला. चांगला बसला. त्याचीच भीती वाटते.
मुख्य आचाऱ्यांच्या मोठ्या सुरीची मूठ आज फुटून पडली. ते नुसतं पातं फडक्यात धरून फिरताहेत. कुठलंच लाकूड त्यांच्या हाताला बसत नाही म्हणे.

बुधवार, १२
डाव्या हातानं लिहितेय. दुपारी डॉक्टरकडे — मावशी सोबत येणार —
आचारी आलेत. दार लावून घेतलं. रागावलेले नाहीत. माझा उजवा हात धरून उलटासुलटा केला, वजन पाहिलं. बरोबर बसतोय म्हणाले. पातं मेजावर ठेवलंय. विचारताहेत, खिळ्यांची भोकं किती —