एक वेढा जास्त

प्रिय बबिता,

आधी हे सांगून टाकतो, न्हाईतर चिठ्ठी संपेपर्यंत माझ्या पोटात राहायचं न्हाई. तुझा बाप पास झाला! मोटर रिवायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम. सेहेचाळिसाव्या वर्षी, दहावीनंतर पहिल्यांदा परीक्षेला बसलो गं. तेव्हा आता नर्सिंग सोडायचं नाव काढायचं न्हाई. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिहितोय.

उन्हाळ्यात घरी आलतीस तेव्हा मायजवळ म्हणालीस, आप्पाचा गुडघा गेला, आता हे वर्ष झालं की अंबाजोगाईचं कॉलेज सोडते अन् मेंढरामागं जाते. मी दाराआड चपला काढत होतो. गुडघा गेलाच होता. पुढच्याच आठवड्यात बीडला मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग असतो, तिथं नाव घातलं. सहा महिने तुला सांगत आलो की गुडघा शेकायला जातो. लई खोटं बोललो, माफ कर. नापास झालो असतो तर तुला कळूच द्यायचं नव्हतं.

शिकवणाऱ्या राजनंदिनी मॅडम तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मी कुणाला तरी न्यायला आलोय. शेजारी चौसाळ्याच्या सुभद्राबाई, पन्नाशी उलटलेल्या. त्यांच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळली की मिस्त्री आठ-आठ दिवस तोंड दाखवायचा न्हाई. वैतागून स्वतःच शिकायला आल्या. चष्मा घे, चष्मा घे म्हणून माझ्या मागं लागल्या, अन् एक दिवस स्वतःचाच माझ्या नाकावर ठेवला. अगं, तार दिसली की!

परीक्षेत चोवीस कॉइल करायच्या होत्या, प्रत्येकीत तारेचे बावन्न वेढे. मी आपला कळप मोजतो तसा मोजत गेलो. मॅडमनी पहिली कॉइल मोजली तर त्रेपन्न. दुसरी, त्रेपन्न. चोवीसच्या चोवीस त्रेपन्न! मग माझ्या ध्यानात आलं. वाघरीच्या जाळीतून मेंढरं बाहेर काढताना आपण सगळ्यात लाडकी मेंढी पहिली सोडतो अन् तिला मोजत न्हाई, नजर लागू नये म्हणून. माझ्या हातानं प्रत्येक कॉइलचा पहिला वेढा तसाच सोडला होता. वाटलं, गेलं सगळं, पोरगी आता कॉलेज सोडून परत येती. मॅडमना मेंढीचं सांगितलं तर त्या हसून हसून खुर्चीतच बसल्या. म्हणाल्या, काका, सगळ्यांत सारखाच एक जास्त हाय, चालून जाईल. कॉइल मोटरीत बसवल्या, बटण दाबलं, अन् फिरली की गं ती! मी तिथंच फरशीवर बसून रडलो. सुभद्राबाईंनी पाणी दिलं.

आता पाली फाट्यावर पत्र्याखाली टेबल टाकलंय. बसून करायचं काम, गुडघ्याला काही न्हाई. निम्मी मेंढरं तुझ्या मामाच्या कळपात घातली, उरलेल्या दहा-बारांना तुझी माय पुरून उरते. परवा एका विहिरीवरची मोटर भरून दिली, पाणी उपसायलीय.

पण हे सगळं आपल्या धाकट्या अंजूनंही तुला फोनवर सांगितलं असतं. चिठ्ठीचं कारण वेगळं हाय. तू सात वर्षांची असताना बाजारात कुणीतरी विचारलं, बंकट, लेकी किती? मी म्हणालो, एकच, अंजू. तू माझं बोट धरून उभी होतीस. सोडलंस ते घर येईपर्यंत धरलं न्हाईस. त्यानंतरही मी सगळ्यांना एकच सांगत आलो अन् तू ऐकत आलीस. असं कावून सांगतो, ते तू कधी विचारलं न्हाईस, मलाही सांगता आलं न्हाई. मॅडमना मेंढीचं सांगताना माझंच बोलणं मला ऐकू आलं. बाई गं, सगळ्यात लाडकी तू, तुला मोजायची माझी हिंमतच झाली न्हाई. काल प्रमाणपत्र देताना मॅडमनी विचारलं, काका, मुली किती? म्हणालो, दोन. थोरली अंबाजोगाईला नर्सिंग शिकायलीय. नजर लागायची तर लागू दे.

तुझाच,
आप्पा