राख न पाडता एकवीस किलोमीटर

२ मार्च, रविवार. सकाळी १०

ठरलं. पंधरा जूनची हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर. मी आणि मेहुणा. तळ्याकाठच्या बाकावर सिगार ओढताना ठरवलं, म्हणजे निर्णय शांत डोक्याने झालेला आहे. वीस वर्षं आम्ही दोघं दर रविवारी याच बाकावर बसतो. माझं लग्न झालं तेव्हा हिचा हा धाकटा भाऊ कॉलेजात होता. सिगार कशी कापायची, कशी पेटवायची, सगळं त्याला मी शिकवलं. बायकोचा भाऊ असला तरी माणूस माझा आहे.

सिगार सोडण्याचा प्रश्नच नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात. फुप्फुसांचा संबंध येतच नाही. पण हे लोकांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०

पहिला सराव. चारशे मीटर. मग उजवा बूट चावायला लागला. दुकानदाराने लोण्यासारखा बसेल म्हणून गळ्यात मारला होता. सरळ सरळ फसवणूक.

मेहुणा आला नाही. म्हणे गुडघा दुखतो, इतर दिवशी जमणार नाही, फक्त रविवारी येईन. ही पोहण्याच्या क्लासला गेलेली. घरात खेळाडू असा मी एकटाच.

९ मार्च, रविवार

मेहुण्याचा चेहरा उतरलेला. जिना चढताना छातीत जड वाटतं म्हणाला, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात म्हणाला. मी दहा मिनिटं हसलो. त्याला म्हटलं, जिना चढताना जड वाटतं म्हणूनच तर लिफ्टचा शोध लागला, आणि मी लिफ्ट तपासणारा माणूस, मला विचार. सिगार पुढे केली. त्याने मुकाट्याने घेतली. पुन्हा विषय काढला नाही.

धीर देणारं कुणीतरी लागतं माणसाला.

२१ मार्च, शुक्रवार

आज नऊ मजल्यांची इमारत. मशीन रूम गच्चीवर. तपासणी चालू असताना लिफ्ट बंद, म्हणजे जिना. म्हटलं, आयताच सराव. तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि आठव्या मजल्यावर थांबलो. रखवालदाराने पाणी हवं का विचारलं. मी भिंतींना ओल आहे का ते पाहतोय असं सांगितलं. तोही मग माझ्याबरोबर भिंतीला हात लावून पाहत उभा राहिला. चांगला माणूस.

उद्यापासून रोज पाच किलोमीटर.

२२ मार्च, शनिवार

पाऊल मुरगळल्यासारखं वाटतं. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग आहे.

६ एप्रिल, रविवार

तळ्यावर धावणाऱ्यांच्या ग्रुपला एक बाई शिकवतात. गळ्यात शिट्टी असते म्हणून आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, धावताना बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे असं समजा. मी सलग चाळीस मिनिटं बोललो. धावणं त्या मानाने कमी झालं, पण कसोटीला उतरलो.

नंतर बाकावर. माझी सिगार एक तास दहा मिनिटं चालली, दीड इंच राख न पाडता. यालाच एन्ड्युरन्स म्हणतात. शिट्टीबाईंना ते दाखवलं. त्या घड्याळात पाहून पुढे गेल्या. क्षेत्र वेगळं पडतं त्यांचं.

मेहुण्याची सिगार हल्ली सारखी विझते. ओढायचंच विसरतो. लक्ष कुठे असतं कोण जाणे.

२७ एप्रिल, रविवार

हिची तब्येत सुधारली आहे. पोहण्याचा परिणाम. क्लासहून येते तेव्हा केस अगदी कोरडे असतात, टोपी चांगल्या दर्जाची असणार. मेहुण्याचंही पोट उतरलं. गुडघेदुखीने जेवण जात नसेल बिचाऱ्याला.

माझं वजन दोन किलोने वाढलं. चरबीपेक्षा स्नायू जड असतात, हे वाचलेलं होतं.

१४ मे, बुधवार. सकाळी ७.३५

हे बारा मजल्यांच्या इमारतीच्या मशीन रूममध्ये बसून लिहितोय. ऑफिसं उघडायच्या आत लिफ्टचे दोर तपासायचे होते म्हणून लवकर आलो. वर यायला सव्वीस मिनिटं लागली. हवेसाठी खिडकी उघडली. खाली आमचं तळं.

उंचावरून माणसं मुंगीएवढी दिसतात असं म्हणतात. खोटं आहे. बायको बायकोएवढीच दिसते. पिवळं जाकीट. शेजारी तिचा भाऊ. गुडघा वगैरे काही नाही, हरणासारखा पळत होता. मागून शिट्टीबाई. मी पाहत होतो तेवढ्या वेळात त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. एक फेरी दोन किलोमीटरची. मध्येच ही काहीतरी बोलली आणि तो हसला.

माझ्याशिवाय.

दोर कुठवर तपासला ते विसरलो. पुन्हा पहिल्यापासून.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८

दोघांना समोर बसवलं. विचारलं, किती दिवस चाललंय हे. ही म्हणाली, मार्चपासून. पोहण्याचा क्लास कधी नव्हताच, आधी त्याला डॉक्टरांकडे न्यायला ते निमित्त होतं. तपासण्यांमध्ये मेहुण्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. औषधं चालू आहेत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी चालणं, मग हळूहळू धावणं. सिगार त्याच दिवशी बंद.

मी म्हटलं, बंद कशी? दर रविवारी माझ्यासमोर बसून ओढतोस.

तो खाली मान घालून म्हणाला, पेटवतो भावोजी, ओढत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

एवढे रविवार. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, सांगायला आला होता तो. तुम्ही हसलात, आणि वर त्याला सिगार दिलीत. पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा दिली असती.

दिली नसती. गंभीर आजार आहे म्हटल्यावर कोण देईल? मला ओळखतच नाही ही बाई.

१ जून, रविवार

बाकावर एकटा. मेहुण्याचा फोन आला, उचलला नाही. आता स्पर्धा एकट्याने. हिनेही त्यात नाव दिलंय. दोघांना मागे टाकून शेवटच्या रेषेवर त्यांची वाट पाहत उभा राहणार. एक अक्षर बोलणार नाही, नुसतं पाहणार.

चौदा दिवस हातात आहेत. रोज दीड किलोमीटर वाढवला की एकवीस होतात. गणित चोख आहे.

१२ जून, गुरुवार

स्पर्धेआधी शरीराला पूर्ण विश्रांती हवी. ती गेल्या सोमवारपासून, म्हणजे दोन तारखेपासून देतोय.

१५ जून, रविवार. दुपारी २

पहिला किलोमीटर मी सगळ्यात पुढच्या घोळक्यात होतो. याला साक्षीदार आहेत.

चौथ्यानंतर रस्त्याला चढ लागला. नकाशात तो दाखवला नव्हता. सहाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी फुटपाथवर बसलो. बसलो म्हणजे पाय आपणहून बसले. दोन म्हातारे पुढे गेले, मग एकजण मुलीला ढकलगाडीत घालून पुढे गेला.

मागून ही आणि मेहुणा आले. ते बेताने सुरुवात करून येत होते. हिने माझी नाडी पाहिली, पाणी पाजलं. मेहुणा तिला म्हणाला, ताई, तू हो पुढे, मी थांबतो. ती गेली. तो माझ्याशेजारी फुटपाथवर बसला. मी म्हटलं, जा, तुझी वेळ बिघडेल. म्हणाला, बिघडू दे.

तीन महिने घाम गाळला होता त्याने यासाठी. तो बसून राहिला, पाय जुळवून, माझा श्वास जागेवर यायची वाट पाहत. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा असे शेजारी बसलो होतो. मला बरं वाटलं. मनातला सगळा राग गेला. म्हणून खिशातली सिगारची डबी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

सवयीने. प्रेमाने. दुसरं काही नव्हतं त्यात.

त्याने डबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. डबी हलकेच मिटून माझ्या हातात ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उठला, आणि धावायला लागला. वळून पाहिलं नाही.

मी मागे पडलेल्यांच्या गाडीतून आलो. शेवटच्या रेषेवर ते दोघं माझी वाट पाहत उभे होते. एक अक्षर बोलले नाहीत.

१६ जून, सोमवार

हिला त्याने डबीचं सांगितलं की नाही कळत नाही. ही नेहमीसारखीच वागते. त्यावरून वाटतं, सांगितलं असावं.

२२ जून, रविवार. सकाळी ९

बाकावर सिगार पेटवली. अर्धी झाल्यावर विझवली. चव बिघडली आहे, माल खराब आला असणार.

मेहुण्याला फोन केला. विचारलं, उद्यापासून सकाळी तुमच्याबरोबर येऊ का. तो थांबा म्हणाला आणि फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलला. आवाज हिचा होता. मग म्हणाला, भावोजी, आमचा वेग तुम्हाला झेपायचा नाही. आमच्या आईचा चालण्याचा ग्रुप आहे, साडेसहाला निघतो. तिथून सुरुवात करा.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. हरकत नाही. आठवड्यात तो ग्रुप माझ्या हाताखाली येईल.

२३ जून, सोमवार. सकाळी ७.१५

आठ बायका आणि एक निवृत्त न्यायाधीश. मी पहिल्यापासून पुढे राहिलो. अर्ध्या फेरीत बुटाची नाडी बांधायला दोनदा थांबलो.

तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा सासूबाई जवळ आल्या. म्हणाल्या, लाजू नका जावईबापू, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं. फक्त जरा कडेने चाला. मागच्यांना पुढे जायचंय.