बारा–अकरा

३ ऑक्टोबर, गुरुवार

आठ आणि नऊ. तीन वेळा बेरीज केली. आठ आणि नऊच येतात!

भिंतीवर मात्र दहा आणि नऊ आहेत. सचिवांच्या खुर्चीमागे हातभर उंचीचे निळे आकडे: १०–९. शेजारच्या देशावर आपल्या राष्ट्रीय रग्बी संघाने मिळवलेला एकमेव विजय. पन्नास वर्षांत एकोणीस सामने, अठरा पराभव आणि हा एक, अडतीस वर्षांपूर्वीचा. त्या तारखेला संघटनेच्या कार्यालयाला अजून सुट्टी असते. तेव्हाचा कर्णधार आज संघटनेचा अध्यक्ष आहे.

पंचांचं मूळ पान आज जुन्या कपाटात सापडलं. आपले दोन ट्राय, त्यांच्या तीन पेनल्टी. खाली पंचांची सही.

माझंच काहीतरी चुकत असणार. उद्या सकाळी डोकं ताजं असताना परत बघते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

चुकत नाहीये.

चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, तो ट्राय. त्याला आज पाच गुण मिळतात. तेव्हा चार मिळायचे. चार दुणे आठ. पेनल्टीची लाथ खांबांमधून गेली की तेव्हाही तीन, आजही तीन. तीन त्रिक नऊ. आपण एका गुणाने हरलो होतो.

मग दहा आले कुठून? नोंदवहीतून. नियम बदलल्यावर तेव्हाच्या सचिवांनी सगळे जुने सामने एका वहीत उतरवले. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. पहिल्याच पानावर लाल शाईत: 'तुलनेच्या सोयीसाठी सर्व ट्राय पाच गुणांप्रमाणे धरले आहेत.' बिचारे इतके नेटके की सगळे सामने एका मापात बसवले. आणि पहिलं पान कोणी वाचलंच नाही. वहीतून भिंतीवर, भिंतीवरून भाषणात.

मी असते तर मीही असंच काहीतरी नेटकं करून ठेवलं असतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

सरांना सांगितलं. सर म्हणजे सचिव. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून भिंतीकडे.

"रंग वाळून वीस वर्षं झाली त्याला."

मी म्हटलं, "पण सर, पंचांच्या पानावर—"

"तुला स्मरणिकेसाठी ठेवलंय. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, श्राद्धाची नाही. आकडे उतरवायचे, तपासायचे नाहीत."

मी म्हटलं, पंचांच्या पानावर जे असेल तेच मी लिहीन. ह्या वेळी वाक्य पूर्ण झालं.

माझी मुदत ३० नोव्हेंबरला संपते. कायम करण्याबद्दल 'बघू' असं म्हणाले होते. आज तेही नाही म्हणाले.

९ ऑक्टोबर, बुधवार

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"तुझ्या बाबांना मैदानावर कोणी लावलं?"

"अध्यक्षांनी."

"मग झालं तर."

बाबा संघटनेच्या मैदानाची देखभाल करतात. दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारतात. सामन्याच्या दिवशी सकाळी शंभर मीटरची रेष, बोटभरही वाकडी नाही. शाळेत गेले नाहीत. आकडे येतात, सही येते. घरात पुस्तक घेऊन बसणारी मीच पहिली. म्हणून आईला वाटतं, शिकले म्हणजे नीट वागायचं कळायला हवं. मला वाटतं, म्हणूनच खोटं लिहिता येत नाही. दोघींचं भांडण एकाच शाळेवरून आहे!

१० ऑक्टोबर, गुरुवार

हे लिहायचं टाळत होते. एक सामना चुकलाय म्हणजे त्या वहीतले सगळेच जुने सामने परत मोजावे लागणार. आणि त्यात बाबांचा सामना आहे.

बाबा राष्ट्रीय संघाकडून एकच सामना खेळले. त्या विजयाच्या पुढच्याच वर्षी, त्याच शेजाऱ्यांशी. कर्णधार, म्हणजे आजचे अध्यक्ष, आणि आठ मोठे खेळाडू प्रशिक्षकाशी भांडून बसले होते, म्हणून राखीव पोरं उतरवली. लाथ मारायला बाबा. लांबच्या एका मैदानावर, बघायला दोन-अडीचशे लोक. ते मैदानही आता राहिलं नाही. वहीत लिहिलंय १२–१३, पराभव. बाबा म्हणतात बारा–अकरा, जिंकलो. सगळे हसतात. खेळाडू त्यांना 'बारा-अकरा' म्हणूनच हाक मारतात. "बारा-अकरा काका, चौथी कुठून मारली होती हो?" आणि बाबा प्रत्येक वेळी सांगतात. पहिली चाळीस पावलांवरून, वाऱ्याविरुद्ध. दुसरी पार कोपऱ्यातून, सगळे म्हणत होते मारू नकोस. तिसरीही गेली. चौथी शेवटच्या मिनिटाला, उतरत्या उन्हात, समोर खांबसुद्धा धड दिसेनात.

लहानपणी ते सांगायला लागले की मी तिथून उठून जायची. हे आज लिहून ठेवते, कारण पुढे मी फार प्रामाणिक असल्याचा आव आणेन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज दहा सामने मोजले. बाबांच्या सामन्याचं पाकीट सगळ्यात खाली सरकवलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

परत खाली सरकवलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उघडलं. आपल्या चार पेनल्टी, बारा. त्यांचे दोन ट्राय, एक पेनल्टी. चारने आठ आणि तीन, अकरा. पाचने तेरा.

बारा–अकरा.

कार्यालयाच्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि दहा मिनिटं तिथेच उभी राहिले. मग बाहेर येऊन परत मोजलं.

आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग भीती आली. लोक काय म्हणतील तेही लगेच ऐकू आलं. अध्यक्षांचा विजय पुसला आणि बापाचा लावला! मीही दुसऱ्या कोणाबद्दल हेच म्हटलं असतं. माझ्या बेरजेवर कोणी विश्वास ठेवू नये, हेच बरोबर आहे. तिसऱ्या कोणीतरी सांगायला हवं.

तिसरं कोण, तेही सुचलं. जे समोर खेळले, ते. शेजाऱ्यांच्या संघटनेला आज पत्र पाठवलं: ह्या दोन सामन्यांची तुमच्याकडची नोंद कळवावी. सरांना विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही केलं.

बाबांना काहीच सांगितलेलं नाही. रेषा मारून आले होते, नखांत चुना. 'कसली फाईल बघत असतेस?' म्हणाले. मी म्हटलं, जुनी.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

अध्यक्षांनी बोलावलं. सर शेजारी बसले होते. मी दोन्ही पानं टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी आधी पहिलं घेतलं. चष्मा न लावताच बघितलं, म्हणजे वाचायची गरज नव्हती.

"परत येताना बसमध्ये कोणी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस हार घेऊन लोक घरी आले. मी म्हटलं, असेल."

मला त्यांचा राग येईना. हीच पंचाईत झाली.

मग त्यांनी दुसरं पान घेतलं. ह्या वेळी चष्मा लावला. पान खाली ठेवून म्हणाले, "हा सामना स्मरणिकेत नकोच. मुख्य संघ नव्हता तो."

सर लगेच, "ब संघ. बरोबर. तो गाळूच."

मी म्हटलं, "वहीत हा पराभव होता, तेव्हा राष्ट्रीय संघाचा होता. आज जिंकलाय तर ब संघाचा झाला?"

सर म्हणाले, "बाई, वडील तुमचे खेळलेत त्यात. जरा तरी संकोच बाळगा."

मी म्हटलं, "संकोच वाटतो म्हणूनच शेजाऱ्यांना पत्र लिहून विचारलंय. त्यांचे तर ते वडील नाहीत."

सर उभेच राहिले. "कोणाला विचारून?" अध्यक्षांनी त्यांना हाताने बसवलं. मला म्हणाले, "जा तू." पानं गोळा करून बाहेर आले.

२ नोव्हेंबर, शनिवार

उत्तर नाही. सर माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलतात. आजची चिठ्ठी: 'टाचण्या जपून वापराव्यात.'

११ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं! त्यांच्या पुस्तकातल्या दोन पानांच्या नकला. पहिला सामना: विजय, ९–८. दुसरा: पराभव, ११–१२. खाली आपले गुण कोणी मिळवले ते, मिनिटांसकट. चार पेनल्टी. चारही वेळा एकच नाव, आणि त्यातलं आडनाव माझं आहे.

आपल्याकडे ज्याला हसतात, त्याचं नाव हरलेल्यांनी इतकी वर्षं व्यवस्थित छापून ठेवलंय.

नकला अध्यक्षांसमोर ठेवल्या. सुवर्णमहोत्सवाला शेजारी पाहुणे म्हणून येणार आहेत, आपलं पुस्तक घेऊनच. अध्यक्षांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. बाबा दोरी गुंडाळत होते तिथे.

"छापा," म्हणाले. "दोन्ही."

मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "आणि त्या भिंतीला रंग द्यायला सांगा. त्या रंगाखाली कोणता रंग होता, तेही मी विसरलो."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "छापणार?" एवढंच. आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. खेळाडूंना कळलंय. आज कोणी 'चौथी कुठून' विचारलं नाही. संघातल्या सगळ्यात दांडगटाने वाकून त्यांची चुन्याची बादली उचलली. बाबा त्यालाच ओरडले, "ठेव ती, सांडशील!"

मला वाटलं होतं ते खूश होतील. जेवण अर्धवट टाकून परत मैदानावर गेले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी मुदत वाढवलेली नाही. सरांनी कागद हातात दिला, नजर वर केली नाही. ठीक आहे. एकशे बारा सामने, प्रत्येक गुण पंचांच्या पानावरून. कोणीही येऊन तपासावं. शेवटचं मुद्रित घरी आणलंय. सोमवारी मला ते स्वतः छापखान्यात द्यायचंय, नोकरी असो वा नसो.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी बाबांना ते पान दाखवलं. त्यांनी आकड्यांवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. मग म्हणाले, "तिसरी खांबांच्या बाहेरून गेली होती. खांबांखालच्या झेंडेवाल्याच्या डोळ्यांवर ऊन होतं. त्याने झेंडा वर केला, आतून गेली म्हणून."

मी म्हटलं, इतकी वर्षं?

"जिंकलो हेच कोणी मानत नव्हतं. हे कोणाला सांगणार?"

बारा आणि अकरा पंचांच्या पानावर आहेत, ते तसेच राहतील. खाली तळटीप येईल, लाथ मारणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत. त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली, त्यांनी सही केली. छापखाना सोमवारी नऊला उघडतो. मी आठला दारात असेन.