दुकान मुक्याकडेच राहावे म्हणून

मी, या कागदाखाली सही करणारा, वय चौसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. डोके ठिकाणावर आहे, सुई ओवण्यापुरते दिसते आहे, आणि कोणी मागे उभे राहून हे लिहून घेत नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मान हलवली, तेव्हा आता चालढकल नको. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते.

१. मी अकरा वर्षे तुरुंगात होतो. ज्या गुन्ह्यासाठी होतो त्याचा न्याय कोर्टाने केला, शिक्षा मी पुरती भोगली, म्हणून तो विषय इथे उकरून काढत नाही. शिवणकाम मी तिथेच शिकलो.

२. माझे दुकान, त्यावरचा पोटमाळा, शिलाई मशीन, कापायचे टेबल आणि मोठी कात्री, हे सर्व माझ्या कष्टाचे असून ते माझ्या पश्चात माझ्या कारागिराला मिळावे. त्याला सगळे मुका म्हणतात. तो मुका नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही एवढेच. तोही तुरुंगातूनच आलेला. भाड्याची खोली बघायला गेला की घरमालक विचारायचे, याआधी कुठे राहत होतात, आणि हा शहाणा खरे सांगायचा. शेवटी मीच त्याला पोटमाळ्यावर ठेवून घेतले. अजूनही तो बंद दारासमोर नुसता उभा राहतो, कोणीतरी उघडेल म्हणून. पाणी प्यायलाही मला विचारतो. त्याला कोणी हसू नये. दुकानाच्या दोन्ही किल्ल्या त्याच्याच हातात द्याव्यात, एक आपल्याकडे सोयीसाठी असू दे, असे कोणी म्हणू नये. त्याच्यासारखी काजे हाताने करणारा मी दुसरा पाहिला नाही.

३. निवृत्त हेडमास्तरांविषयी. दुकान टाकले तेव्हा मी कुठून आलो हे गल्लीत कोणाला माहीत नव्हते. पहिले काम त्यांचे, तीन शर्ट. आमच्या तुरुंगात कैद्याच्या सदऱ्याला खिसा नसे, ठेवायला काही नसतेच. मी इतकी वर्षे तेच सदरे शिवत आलेलो. हात सवयीने चालला आणि तिन्ही शर्ट बिनखिशाचे झाले. मास्तरांनी शर्ट घातला, पेन अडकवायला छातीवर हात नेला आणि माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडून निघून गेले, "तिथे खिसा नसायचा." तिथे म्हणजे कुठे, ते मास्तरांनी खोदून विचारले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला आणि गिऱ्हाइके आपापले कापड परत घेऊन गेली. हेडमास्तरांना मी माफ केलेले नाही. मरणाऱ्याने मन मोठे करावे असा आग्रह कोणी धरू नये.

४. माझी वाफेची इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींना द्यावी. दुकान ओस पडले असताना त्या कापडाचा तागा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उशीच्या अभ्र्याला कुठे खिसा लागतो? शिव." वर्षभर मी अभ्रे आणि पडदे शिवून पोट भरले. त्यांची स्वतःची इस्त्री कपडे करपवते, त्यांनी ते मान्य केले नाही तरी.

५. माझा धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. मी सुटून त्याच्या घरी गेलो तेव्हा तो दारातच म्हणाला, "दादा, कपडे तुझ्याकडेच शिवेन. पण नातं सांगू नकोस. मुलाला शाळेत जायचंय." मी शब्द पाळला. त्याच्या घरचे सगळे कपडे मी शिवले. पुतण्याच्या लग्नाचा सूटही माझाच, आमंत्रण मात्र नव्हते. पुतण्या मला टेलरकाका म्हणतो. ती हाक ऐकायला मी त्याच्या पँटची उंची उगाचच पुन्हा मापलेली आहे. भावावर माझा राग आहे. तो रस्त्याने जाताना दिसला की तरीही मला बरे वाटते.

६. बँकेत जे काही असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरेल ते पुतण्याला द्यावे. शिंप्याने मला का दिले, असे त्याने विचारले तर उत्तर त्याच्या बापाने द्यावे.

७. आता मुख्य गोष्ट. कायद्याने माझ्यामागे वारस भाऊच. मागे तो मला स्पष्ट म्हणाला, की तू गेलास की त्या माणसाला बाहेर काढून दुकानाला कुलूप लावीन. तसे झाले तर मुक्याला कोणी खोली देणार नाही आणि कामही देणार नाही. असा माणूस शेवटी कुठे परत जातो ते मी आत असताना खूपदा पाहिले आहे. वकील म्हणाले, भावानेच साक्षीदार म्हणून सही केली तर पुढे तो हरकत घ्यायला धजणार नाही. पण सहीखाली माझ्याशी असलेले नाते लिहावे लागेल, आणि हा कागद चारचौघांत वाचला जाईल. मी त्याला निरोप धाडला आहे, की दिवसाढवळ्या दुकानात ये. तो येईल की नाही, मला खरोखर माहीत नाही. न आल्यास वकिलांच्या कारकुनाने सही करावी, आणि मुक्याने कोर्टाची पायरी चढायची तयारी ठेवावी. तिथे त्याला कोणी विचारले तर त्याने बोलावे.

स्थळ: दुकान, कापायचे टेबल
दिनांक: ९ जुलै, बुधवार, दुपार

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिला: सही. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. नाते: शेजारी.

साक्षीदार दुसरा: सही. नाते: सख्खा धाकटा भाऊ. सगळा मजकूर वाचला. दुकान मुक्याला देण्यास माझी हरकत नाही. मुलाला बरोबर आणले आहे. सगळे सांगून आणले आहे.