त्रेसष्ट फाइलींची पहिली ओळ

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? आई म्हणाली, आता तासभर सलग बसतेस. ऐकून बरं वाटलं. इकडे सगळे मजेत. आमचं ऑफिस नव्या इमारतीत आलंय. खिडकी भलीमोठी, पण बाहेर समोरच्यांची भिंत!

परवा आपली जुनी खोली फार आठवली. इस्त्रीच्या टेबलावर एकच कॉम्प्युटर आणि त्याच्यावरून आपली भांडणं. दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट आठवते? त्यांचा फोन नंबर बदलला, तर मी चाळीस पानं एकेक उघडून बदलत बसले होते. तू कपाळावर हात मारलास. "अगं वेडाबाई, एकदाच लिही आणि पाहिजे तिथे बोलाव!"

मग तू जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती वेबसाइट काढलीस आणि कात्रीनं तिचे तुकडे केलेस. वरची पट्टी, मेन्यू, फोटोची चौकट, अपॉइंटमेंटचा फॉर्म. "हा एकेक तुकडा म्हणजे कंपोनंट. त्याचं एचटीएमएल, म्हणजे मांडणी, आणि जावास्क्रिप्ट, म्हणजे काम, एकाच फाइलमध्ये. ज्याचं सामान त्याच्या खोलीत! मग हाच फॉर्म उचलून दुसऱ्या साइटवर ने, काही अडत नाही." जमिनीवर मांडलेली ती भातुकली बघून आई वैतागली आणि केर काढताना मेन्यूच झाडून मोकळी झाली. केवढ्या हसलो होतो आपण!

चार वर्षांत त्रेसष्ट कंपोनंट झाले. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत तुझं नाव, कारण रचना तुझी. खाली माझं.

किती इकडचं तिकडचं लिहितेय मी. आता लिहितेच.

या नोकरीच्या मुलाखतीत मी आपलेच कंपोनंट दाखवले. आदल्या दिवशी एकेक फाइल उघडून पहिली ओळ खोडली. तू तेव्हा पाठीचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडून होतीस. नोकरी लागली आणि ऑफिसनं तेच कंपोनंट वापरायला घेतले. नंतर फाइली बघून तू फोनवर एवढंच विचारलंस, "माझं नाव कुठे गेलं गं?" मी म्हणाले, "सगळं आपलंच तर आहे." तू फोन ठेवलास. त्याला सहा वर्षं झाली.

सोमवारी ऑफिसनं ठरवलं, हा कंपोनंटचा संच कुणालाही फुकट वापरू द्यायचा. साहेबांनी विचारलं, "मूळ रचना तुमचीच ना?" बैठकीत अकरा माणसं होती. मी म्हणाले, "नाही. माझ्या बहिणीची. तिचं नाव मी खोडलं होतं."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "आधी त्यांची परवानगी आणा." माझं गटप्रमुखपद गेलं. तक्रार नाही. उलट त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

ताई, तू हो म्हणालीस तर संच तुझ्या नावानं जाईल. नाही म्हणालीस तर तो वापरातून काढून टाकायचं साहेबांनी कबूल केलंय. त्यांचा पत्ता सोबत देतेय. उत्तर थेट त्यांनाच कळव. माझ्याशी बोलायलाच हवं, असं काही नाही.

तुझं नाव खोडणारी,
तुझीच धाकटी