चार ते सहाची वेळ

२ डिसेंबर
आमच्या प्राचीला जाऊन आज महिना. ह्यांनी फोटोला हार घातला आणि कामावर गेले. मी अंगणवाडीत. रजा घेऊन घरी काय करणार.
दुपारी तिच्या टीममधल्या तिघी आल्या. कॅप्टन सोनल म्हणाली, "काकू, कॉलेजनं मुलींचं बास्केटबॉल बंद केलं." का, विचारलं. "तुमच्या अर्जावरून."

३ डिसेंबर
अर्ज माझाच. ती गेल्यावर आठ दिवसांनी दिलेला. मैदान एकच. चार ते सहा मुलं, उजेडात. सहा ते साडेसात मुली. खेळून घरी येताना अंधारात टेम्पोवाल्याला तिची स्कूटी दिसलीच नाही म्हणे.
मी लिहिलं, "मुलींना अंधार पडेपर्यंत थांबवू नये." मुलांची वेळ मुलींना द्या, हे लिहिलं नाही. मला वाटलं ते समजेल.

५ डिसेंबर
कॉलेजात गेले. प्राचार्य उठून उभे राहिले, चहा मागवला. "ताई, तुमच्या भावनांचा आदर करूनच निर्णय घेतला." वेळ बदला म्हटलं. "मुलं बाहेर स्पर्धा जिंकून येतात. त्यांची वेळ कशी तोडणार?" खेळाचे सर दारातूनच, "मुलींची टीम तशीही फोटोपुरतीच हो."
गेल्या वर्षी खेळताना प्राचीचं बोट मोडलं होतं. चहा तसाच राहिला.
शेवटी प्राचार्य म्हणाले, "आठ मुलींच्या पालकांच्या संमतीच्या सह्या आणा, मग पाहू." मुलांच्या पालकांकडून कधी घेतल्या का, हे जिना उतरल्यावर सुचलं.

८ डिसेंबर
सात सह्या झाल्या. एक कमी. मी केली असती. पण मी आता त्या कॉलेजातल्या कुणाची पालक नाही.
राहिली फक्त सोनलची आई.

९ डिसेंबर
मळवलीला, सोनलकडे. आई अंगणात भात झोडत होती.
"तुमच्या पोरीचं बघूनच हिचा खेळ बंद केला. आन आता तुमीच कागद घेऊन आलात व्हय?"
सोनल आतून, "आई!"
"तू गप गं. दुसरं कुनी असतं तर उभंबी केलं नसतं." मग हळू, "सही दिली न् वेळ न्हाई बदलली तर? परत अंधारातच?"
बदलेल, असं सांगता आलं असतं. प्राचार्य फक्त "पाहू" म्हणाले होते. तेच सांगितलं.
"मग न्हाई देत."
पुन्हा झोडायला लागली. मला उठवेना. बाजूच्या पेंढ्या एकेक उचलून तिच्या हातात देत राहिले. ती घेत राहिली. तासभर असंच चाललं.
"जावा आता ताई, गाडी चुकंल," म्हणाली.
सात सह्यांचा कागद ओट्यावर ठेवून आले. तिनं हात लावला नाही. परत घेऊन जा, असंही म्हणाली नाही. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.